एका म्यानात दोन तलवारी: लिनक्समधलं नेटवर्क नेमकं कोण सांभाळतं?

आजच्या भागाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू या. तुमच्या लिनक्स यंत्राला आयपी पत्ता कोणी दिला? तुम्ही म्हणाल, राउटरने. बरोबर. पण राउटरच्या दारात तो पत्ता मागायला तुमच्या यंत्रातून कोण गेलं होतं?

इथे बरेच जण थबकतात. आणि हा प्रश्न नीट न विचारल्यामुळे मी स्वतः एकदा चांगलीच तोंडावर आपटले आहे. ती गोष्ट आधी सांगते, कारण आजचं सगळं त्याच गोष्टीत आहे.

वडोदऱ्यातल्या एका लहानशा मराठी वाचनालयात जुनी मासिकं, हस्तलिखितं स्कॅन करण्याचं काम चालतं. त्यांच्यासाठी मी एक छोटा संगणक लावून दिला होता. तळहाताएवढा, डेबियनच्या कुळातली लिनक्स असलेला. दिवसभर स्कॅन केलेली पानं त्यात साठायची आणि रात्री दोन वाजता त्यांची एक प्रत इंटरनेटवरून दुसरीकडे जायची. मी बेंगळुरूत. लांबूनच देखभाल. तिथलं काम बघणारे काका सत्तरीचे, निवृत्त शिक्षक.

एके दिवशी काकांचा फोन आला. "अगं, काही रात्री प्रत जाते, काही रात्री जातच नाही. वीज गेली की हमखास काहीतरी बिघडतं. पण कधी कधी वीज गेल्यावर आपोआप सुधारतंसुद्धा!" मी नोंदी तपासल्या. अकरा रात्रींच्या प्रती गेलेल्याच नव्हत्या. त्या अकरा दिवसांत स्कॅन केलेली काही पानं इतकी जीर्ण होती, की पुन्हा स्कॅनरखाली ठेवता आली नसती. म्हणजे त्यांची एकुलती एक प्रत नखाएवढ्या मेमरी कार्डावर होती.

काय झालं होतं ते शेवटी सांगते. आधी या घरात कामाला कोण कोण आहे ते पाहू.

कामाला कोण कोण?

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नेटवर्कचं खरं काम करतो. पण कुठला पत्ता लावायचा, कुठल्या रस्त्याने बाहेर जायचं, हे तो स्वतः ठरवत नाही. ते त्याला वरून कोणीतरी सांगावं लागतं. हे सांगणारे बरेच आहेत आणि प्रत्येक जण वेगळ्या काळात, वेगळ्या गरजेतून आला आहे.

सगळ्यात जुना, डेबियनच्या घरातला इफअपडाउन. त्याची वही म्हणजे ईटीसीमधल्या नेटवर्क फोल्डरातली इंटरफेसेस नावाची फाइल. यंत्र एका जागी, तार एकच, पत्ता कायमचा, अशा काळातली ही व्यवस्था.

मग लॅपटॉप आले. माणूस घरून कचेरीत, कचेरीतून स्टेशनवर जाऊ लागला. दर ठिकाणी वाय-फाय वेगळं. त्यासाठी २००४ मध्ये रेड हॅटने नेटवर्कमॅनेजर सुरू केला. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात वाय-फायचं जे चिन्ह दिसतं, त्याच्यामागे बहुतेक वेळा हाच असतो.

२०१४ मध्ये सिस्टमडी या प्रकल्पातून सिस्टमडी-नेटवर्कडी आला. सर्व्हर, कंटेनर, जिथे पडदा नाही आणि माउस नाही, तिथे हा सुटसुटीत पडतो.

त्याशिवाय डीएचसीपीसीडी आहे. याचं मूळ काम राउटरकडून पत्ता मागून आणणं. रास्पबेरी पाय ओएसमध्ये कित्येक वर्षं हाच मुख्य होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून ती जागा नेटवर्कमॅनेजरकडे गेली. ही तारीख लक्षात ठेवा.

आणि उबुंटूवाल्यांसाठी एक खुलासा. २०१७ च्या १७.१० आवृत्तीपासून उबुंटूत नेटप्लॅन आहे. अनेकांना वाटतं हा आणखी एक भांडखोर गडी. तसं नाही. नेटप्लॅन फक्त मुनीम आहे. तुम्ही त्याच्या फाइलमध्ये काय हवं ते लिहायचं, तो त्याचं भाषांतर करून प्रत्यक्ष काम नेटवर्कडी किंवा नेटवर्कमॅनेजर यांच्यापैकी एकाकडे सोपवतो. कोणाकडे, हे रेंडरर या ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळच नसेल तर काम नेटवर्कडीकडे जातं.

यातला कुठलाही गडी वाईट नाही. वाईट आहे ते दोघांना एकाच वेळी एकाच कामावर लावणं. आपल्याकडे म्हणतात ना, दोन घरचा पाहुणा उपाशी. इथे उलटं आहे: एका घरात दोन स्वयंपाकी, दोघंही भाजीत मीठ घालतात आणि दोघांनाही वाटतं की आपण बरोबर केलं.

भांडण कशावरून होतं?

चार गोष्टींवरून.

पहिली, पत्ता. दोन सेवांनी एकाच तारेवरून राउटरकडे पत्ता मागितला, तर एकाच यंत्राला दोन पत्ते मिळू शकतात. तुम्ही म्हणाल, यंत्र एक, कार्ड एक, मग राउटरला कळत नाही का? राउटर फक्त कार्डाचा क्रमांक बघत नाही. पत्ता मागणारा सोबत स्वतःची एक ओळख पाठवू शकतो आणि वेगवेगळ्या सेवा ही ओळख वेगवेगळ्या तऱ्हेने बनवतात. राउटरला वाटतं, दारात दोन पाहुणे आलेत. तो दोघांना दोन खोल्या देतो.

दुसरी, रस्ता. प्रत्येक सेवा बाहेर जायचा मुख्य रस्ता आपल्या परीने लावते. दोन रस्ते झाले तर कर्नल कुठला निवडतो? प्रत्येक रस्त्याला मेट्रिक नावाचा आकडा असतो. आकडा लहान, त्याला मान मोठा. नेटवर्कमॅनेजर तारेच्या जोडणीला सहसा १०० देतो, वाय-फायला ६००. नेटवर्कडी राउटरकडून मिळालेल्या रस्त्याला १०२४ देतो. डीएचसीपीसीडी तारेसाठी १०० पेक्षा मोठा आकडा घेतो. म्हणजे दोघं एकत्र असले तर नेटवर्कमॅनेजरचा रस्ता जिंकतो. दुसऱ्याचा रस्ता चुकीचा असला तरी ते कळत नाही, कारण त्या रस्त्याने कोणी जातच नाही. माझा घात नेमका इथे झाला.

तिसरी, नावांची वही. आपण संकेतस्थळाचं नाव टाकतो, यंत्राला लागतो आकडा. हा आकडा कोणाला विचारायचा, ते ईटीसीमधल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ही फाइल एकच. पण तिच्यावर लिहायला टपलेले अनेक. जो शेवटी लिहील त्याचं खरं. तार निसटून पुन्हा बसली, राउटर बंद होऊन सुरू झाला, की पुन्हा लिहिण्याची शर्यत. त्यामुळे हा बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही. असा बिघाड शोधणं सगळ्यात अवघड.

चौथी, वाय-फाय. राउटरशी गुप्तशब्दाची देवाणघेवाण करणारा वेगळा कारागीर असतो. बहुतेक ठिकाणी त्याचं नाव डब्ल्यूपीए-सप्लिकंट. इंटेलमध्ये घडलेला आयडब्ल्यूडी हा त्याला पर्याय. दोघंही एकाच कार्डावर बसले तर जोडणी लागते, तुटते, लागते, तुटते. तुम्ही राउटरला दोष देता. राउटर बिचारा निर्दोष असतो.

निदान कसं करायचं?

आता हाताने करून बघू. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे सांगते आहे; टंकताना रोमन अक्षरांत टंकायच्या. एक काळजी घ्या. नेटवर्कमॅनेजर सेवेच्या नावात एन आणि एम ही दोन अक्षरं मोठी आहेत. लहान लिहिलीत तर अशी सेवाच नाही, असं उत्तर येईल.

पहिली पायरी: कोण कोण जागं आहे? सिस्टमसीटीएल स्टेटस ही आज्ञा आणि पुढे सेवेचं नाव. नेटवर्कमॅनेजर, सिस्टमडी-नेटवर्कडी, डीएचसीपीसीडी, नेटवर्किंग, आयडब्ल्यूडी, एकेक करून विचारा. नेटवर्किंग म्हणजे इफअपडाउनची सेवा. दोन सेवा जाग्या दिसल्या म्हणून लगेच घाबरू नका. दोघी असू शकतात, अट एवढीच की प्रत्येकीकडे वेगळं कार्ड हवं.

दुसरी पायरी: कुठलं कार्ड कोणाचं? एनएमसीएलआय डिव्हाइस ही आज्ञा नेटवर्कमॅनेजरची बाजू सांगते. नेटवर्कसीटीएल ही आज्ञा नेटवर्कडीची बाजू सांगते. दोन्हीकडे अनमॅनेज्ड हा शब्द शोधा. त्याचा अर्थ, "हे कार्ड माझं नाही, मी हात लावत नाही." एकीकडे कनेक्टेड आणि दुसरीकडे अनमॅनेज्ड असेल, तर उत्तम. एकाच कार्डावर दोघंही "माझं" म्हणत असतील, तर भांडण सापडलं. आणि दोघंही "माझं नाही" म्हणत असतील, तर पत्ता कुणी तिसरा लावतोय. बहुधा डीएचसीपीसीडी किंवा इंटरफेसेस फाइल.

तिसरी पायरी: पत्ते आणि रस्ते मोजा. आयपी ए ही आज्ञा पत्ते दाखवते, आयपी आर रस्ते दाखवते. एकाच कार्डावर एकाच प्रकारचे दोन पत्ते, किंवा डीफॉल्ट या शब्दाने सुरू होणाऱ्या दोन ओळी एकाच कार्डाच्या नावावर दिसल्या, तर दाल में काला. मेट्रिकचा आकडा बघितलात तर कुठली ओळ कोणी लिहिली, तेही ओळखता येतं.

चौथी पायरी: रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघडून पहिली ओळ वाचा. बहुतेक सेवा तिथे सही करून जातात: ही फाइल अमक्याने तयार केली. पंधरा मिनिटांनी, राउटर बंद-चालू करून, पुन्हा वाचा. सही बदलली असेल तर शर्यत चालू आहे. आणि तिथे १२७.०.०.५३ असा पत्ता दिसला तर गोंधळू नका. तो सिस्टमडी-रिझॉल्व्हडी या मदतनीसाचा आहे, तो यंत्रातच बसलेला असतो.

दोन मिनिटांची वाट

एक लक्षण असं आहे, की त्यावरून डोळे मिटून निदान करता येतं. यंत्र सुरू होताना अडकतं आणि पडद्यावर नेटवर्कची वाट बघत असल्याची ओळ येते. बरोबर दोन मिनिटं जातात. मग यंत्र मुकाट सुरू होतं आणि नेटवर्कही चालतं.

याचं कारण गमतीचं आहे. सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन नावाची एक चौकीदार सेवा आहे. नेटवर्कडीने जोडणी केल्याची खबर येईपर्यंत ती इतरांना थांबवते. तिची मुदत १२० सेकंद. पण कार्ड जर नेटवर्कमॅनेजरकडे असेल, तर नेटवर्कडी खबर देणार कुठली? चौकीदार १२० सेकंद दाराकडे बघत बसतो आणि कंटाळून बाजूला होतो. नेटवर्कडी वापरात नसेल तर तो आणि हा चौकीदार, दोघांनाही रजा द्या. यंत्र झटकन सुरू होईल.

उबुंटू सर्व्हर बसवून नंतर त्यावर डेस्कटॉप चढवणाऱ्यांना याचा भाऊबंद भेटतो. इंटरनेट चालतं, पण सेटिंगच्या खिडकीत तारेची जोडणी अनमॅनेज्ड दिसते, काहीच बदलता येत नाही. कारण मुनीमाने काम अजून नेटवर्कडीकडेच ठेवलेलं असतं. नेटप्लॅनच्या फाइलमध्ये रेंडरर बदलून नेटवर्कमॅनेजर लिहा, मग खिडकीतून सगळं हाताळता येतं.

उपाय: एका कार्डाला एकच धनी

नियम एवढाच. कोण ठेवायचा? लॅपटॉप, डेस्कटॉप, वाय-फाय असेल तर नेटवर्कमॅनेजर. पडदा नसलेला, जागचा न हलणारा सर्व्हर असेल तर नेटवर्कडीही छान. सगळ्यात बरं म्हणजे तुमच्या वितरणाने जो दिला आहे तोच ठेवा, ठोस कारणाशिवाय बदलू नका.

दुसऱ्याला निरोप देताना तीन शब्दांतला फरक समजून घ्या. स्टॉप म्हणजे आत्तापुरतं थांब. यंत्र पुन्हा सुरू झालं की तो हजर. डिसेबल म्हणजे यंत्र सुरू होताना आपणहून येऊ नको. पण दुसऱ्या सेवेने बोलावलं तर तो येऊ शकतो. मास्क म्हणजे दाराला कुलूप. कोणी बोलावलं तरी येता येणार नाही. मास्क केल्याची नोंद ठेवा, नाहीतर वर्षभराने तुम्हीच बुचकळ्यात पडाल.

दोघं हवेच असतील तर वाटणी लिखित करा. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरात अनमॅनेज्ड-डिव्हाइसेस या ओळीने त्याला कुठल्या कार्डाला हात लावायचा नाही ते सांगता येतं. नेटवर्कडीच्या फाइलमध्ये कार्डाच्या नावाच्या जागी नुसती फुली, म्हणजे तारांकित खूण, टाकू नका. तिचा अर्थ "जे दिसेल ते माझं". मग कंटेनरची आभासी कार्डंसुद्धा तो ताब्यात घेतो. शिवाय आपण न लावलेले रस्ते पुसून टाकायची नेटवर्कडीची मूळ सवय आहे. दुसऱ्या गड्याने लावलेला रस्ता अचानक गायब झाला, तर आधी हे तपासा.

माझी चूक

आता वडोदऱ्याला परत जाऊ. त्या यंत्रावर बुकवर्म होतं, म्हणजे नेटवर्कमॅनेजर आधीपासून कामावर होता. पण मला यंत्राचा पत्ता कायमचा हवा होता आणि माझ्या वहीत जुन्या काळची टिपणं होती: डीएचसीपीसीडीच्या फाइलमध्ये चार ओळी लिहा. मी ती फाइल शोधली, सापडली नाही. थांबून "का नाही?" असं विचारायला हवं होतं. मी डीएचसीपीसीडीच बसवून टाकला. त्या चार ओळींत राउटरचा पत्ता लिहिला १९२.१६८.१.१. वाचनालयाने राउटर बदलला होता. नव्याचा पत्ता शेवटी २५४ होता. तो मी तपासला नाही.

यंत्र चाललं, कारण नेटवर्कमॅनेजरचा बरोबर रस्ता १०० आकड्यावर होता आणि डीएचसीपीसीडीचा चुकीचा रस्ता त्याच्या मागे दडला होता. नावांच्या वहीवर मात्र दोघं आळीपाळीने लिहीत होते. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, शेवटी नेटवर्कमॅनेजरने लिहिलं तर प्रत जायची. डीएचसीपीसीडीने लिहिलं तर यंत्र अस्तित्वातच नसलेल्या राउटरला नावं विचारत बसायचं. काकांचं निरीक्षण अक्षरशः खरं होतं.

मला बेंगळुरूतून दोन सेवा दिसल्या. मी ठरवलं, माझी फाइल डीएचसीपीसीडीत आहे, तोच ठेवू. नेटवर्कमॅनेजर थांबवला. जोडणी तुटली नाही. वा! मग डिसेबल केला आणि खात्रीसाठी यंत्र पुन्हा सुरू केलं. ते परत आलंच नाही.

धडा इथे आहे. नेटवर्कमॅनेजर थांबवला, तरी त्याने तारेच्या कार्डावर लावलेला पत्ता आणि रस्ता लगेच पुसला जात नाही. थांबवल्यावर "चालतंय की" असं वाटतं ते जुन्या पुण्याईवर. खरी परीक्षा यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरच होते. मी बरोबर गड्याला घरी पाठवलं होतं आणि चुकणाऱ्याच्या हाती घर दिलं होतं.

पावसाळी संध्याकाळ होती. काका छत्री घेऊन वाचनालयात गेले, यंत्राला कळफलक आणि पडदा जोडला. मी फोनवर एकेक अक्षर सांगितलं, मोठं कुठलं, लहान कुठलं, मध्ये जागा कुठे. "काळ्या पडद्यावर पांढरं काहीतरी आलं गं," ते म्हणाले. नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू केला, डीएचसीपीसीडीला रजा दिली, यंत्र पुन्हा सुरू केलं. कायमच्या पत्त्याचं काम राउटरवरच करून घेतलं: या कार्डाला नेहमी हाच पत्ता दे. त्या रात्री दोन वाजता मी जागी होते. अकरा दिवसांची सगळी पानं एका फेरीत गेली. सकाळी काकांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे आता कार्ड मेलं तरी चालेल ना?" चालेल, काका.

लांबच्या यंत्राला हात लावण्यापूर्वी

म्हणून चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. एक, जो राहणार आहे त्याची मांडणी आधी तपासा. राउटरचा पत्ता आठवणीतून लिहू नका, त्या दिवशीच्या आयपी आरमधून वाचा. दोन, जो जाणार आहे त्याला शेवटी काढा. तीन, नेटप्लॅन असेल तर नेटप्लॅन ट्राय वापरा. बदल लावल्यावर १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही, तर तो जुनी मांडणी परत आणतो. चार, यंत्र पुन्हा सुरू करताना तिथे कोणीतरी माणूस असेल अशी वेळ निवडा, आणि त्या माणसाला आधी फोन करा.

आणि जुनी टिपणं, जुने व्हिडिओ वापरताना तारीख बघा. माझेसुद्धा. जी फाइल असायला हवी ती सापडत नसेल, तर ती बनवू नका. आधी विचारा, इथे आता धनी कोण आहे?

आज घरी गेल्यावर आपल्या यंत्रावर त्या चार पायऱ्या करून बघा. काही वाकडं नसलं तरी करा. निरोगी असताना नाडी कशी चालते ते माहीत असेल, तरच बिघडल्यावर ओळखू येते. पुढच्या भागात नावांच्या वहीबद्दल, म्हणजे डीएनएसबद्दल, सविस्तर बोलू. तोवर नमस्कार!